पूर, पूर्णा आणि जुळणीचा रंग

पूर्णा नदीच्या पुराच्या जुन्या बातम्या साध्या मजकुराच्या शेकडो फाइलींतून शोधून काढायच्या आहेत, असं समजू. टर्मिनल उघडून ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामला 'पूर' एवढा शब्द दिला की ज्या ओळींत ती अक्षरं आहेत त्या सगळ्या ओळी भराभर पुढ्यात येतात आणि ओळीतला जेवढा भाग जुळला तेवढा ठळक लाल होतो. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर अशी अमरावती-अकोला जिल्ह्यांतली कितीतरी गावं शेवटाला लाल होऊन समोर उभी राहतात. कामाच्या ओळी त्या गर्दीत कुठेतरी असतात. अशा वेळी हा लाल रंग आहे तसा चालवून घ्यावा की आपल्या सोयीने बदलावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मला तो किरकोळ वाटत नाही. शोधताना यंत्राने नेमकं काय पकडलं हे माणसाला सांगणारी त्या पडद्यावरची एकमेव खूण म्हणजे हा रंग. ती खूण कोणी ठरवायची, याचा हा वाद आहे.

खालचा संवाद रचलेला आहे. अमरावतीकर महाविद्यालयात संगणक शिकवतात. अकोलेकर शेतीविषयक अहवाल आणि बातम्यांचा मजकूर साठवण्या-तपासण्याचं काम करतात. माणसं कल्पित असली तरी दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. माझा कल अकोल्याकडे आहे, पण दोन अटी घालून; त्या जिथल्या तिथे सांगेन.

अमरावतीकर म्हणतात, "भाऊ, लॅबमध्ये पोरं बसली की मी एकदाच सांगतो. लाल दिसते ती जुळणी, जांभळट दिसतं ते फाइलचं नाव, हिरवा तो ओळीचा नंबर. ग्रेपने हे मुळातच ठरवून दिलं आहे. जुळणीला ०१;३१, म्हणजे ठळक आणि लाल; फाइलच्या नावाला ३५, ओळीच्या नंबराला ३२, मधल्या विभाजक खुणेला ३६. आता एकाने पिवळा केला, दुसऱ्याने निळा केला, तर मी फळ्यापाशी उभा राहून सांगू काय? कोणाच्या मशीनवर अडलं म्हणून गेलो तर आधी त्याचे रंग समजून घ्यायचे आणि मग त्याची चूक शोधायची. केन थॉम्पसनने १९७३ साली बेल लॅब्जमध्ये ग्रेप लिहिलं तेव्हा त्यात रंग नव्हताच. ओळ मिळत होती, काम होत होतं. रंग मागाहून आला. त्याला एवढं डोक्यावर काऊन घ्यायचं? पोरं काम सुरू करायच्या आधी टर्मिनल सजवत बसतात, हे मी रोज पाहतो."

या म्हणण्यात वजन आहे. शिकवणाऱ्याला समान खुणा लागतात आणि साधनाशी खेळण्यात कामाचा वेळ जातो, हेही खरं. पण अमरावतीकर ज्याला ठरलेला लाल म्हणतात तो खरोखर ठरलेला आहे का, इथून अकोलेकर सुरुवात करतात.

"सर, ३१ म्हणजे लाल, हे बरोबर. पण कोणता लाल? टर्मिनलच्या खुणांचं ईसीएमए-४८ हे मानक १९७६ सालचं. त्या घराण्यातल्या मानकांनी ३० ते ३७ या आकड्यांना रंगांची नावं दिली, छटा दिल्या नाहीत. छटा ज्याने त्याने ठरवली. जुन्या व्हीजीए पॅलेटमधला साधा लाल इतका गडद की काळ्या पडद्यावर त्याचा उठाव, म्हणजे मागच्या रंगाशी उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम २.७ भरतो. एक्सटर्म या टर्मिनलचा लाल थोडा उजळ, तो ३.६ च्या आसपास जातो. वाचण्याच्या मजकुराला किमान ४.५ हवा, असं वेबच्या सुगम्यतेच्या निकषांत धरलेलं आहे. शुद्ध निळा काळ्यावर घेतला तर २.४, म्हणजे न वाचण्याजोगाच. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली विंडोज कन्सोलचे वर्षानुवर्षांचे रंग बदलले ते याच कारणाने, गडद निळा काळ्यावर वाचता येत नव्हता म्हणून. आणि 'ठळक' म्हटल्यावर काही टर्मिनल अक्षर जाड करतात, काही अक्षर तसंच ठेवून रंग उजळ करतात. म्हणजे तुमच्या लॅबमधल्या दोन मशीनवर एकच ०१;३१ दोन तऱ्हांनी दिसत असेल. तुम्ही ज्याला एकसारखेपणा म्हणता तो आकड्यात आहे, डोळ्यासमोर नाही."

"आणि जाणकारांनी विचार करून लाल ठेवला असंही म्हणता येत नाही," ते पुढे म्हणतात. "जाणकारांत एकमत नाही. ग्रेपने लाल ठेवला. अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ साली आणलेल्या रिपग्रेपनेही ठळक लालच ठेवला. पण अँडी लेस्टर यांचं अ‍ॅक, २००५ सालचं, पिवळ्यावर काळं दाखवतं. त्याच वळणावर जेफ ग्रीअर यांचं एजी, म्हणजे सिल्व्हर सर्चर, तेही पिवळ्यावर काळं. शुद्ध पिवळ्यावर काळ्याचा उठाव १९ च्या वर जातो. चौघांनी दोन उत्तरं दिली, आणि चौघांनीही रंग बदलायची सोय ठेवली. साधन लिहिणाऱ्याला माहीत होतं की आपण ठरवलेलं सगळ्यांना चालणार नाही."

अमरावतीकरांचा यावरचा आक्षेप नेमका आहे. दोष छटेत असेल तर टर्मिनलचं पॅलेट सुधारावं, एकदाच आणि सगळ्यांसाठी. ग्रेपचं वेगळं सेटिंग कशाला? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. पॅलेट सुधारणं चांगलंच, पण पॅलेट बदललं की त्या टर्मिनलमधल्या प्रत्येक प्रोग्रामचा लाल बदलतो. कंपायलर चुका लाल दाखवतो, फाइलींतले फरक दाखवताना वगळलेली ओळ लाल येते. तिथे लाल म्हणजे थांबा, काहीतरी बिघडलं आहे. शोधातली जुळणी ही चूक नसते, उलट हवं ते मिळाल्याची ती खूण. एकाच पडद्यावर एकाच रंगाला दोन उलटे अर्थ आले तर डोळा अडखळतो, आणि ते दोन अर्थ वेगळे करायचे तर बदल जुळणीच्या रंगातच करावा लागतो. पॅलेटच्या पातळीवर तो होऊच शकत नाही.

माझी पहिली अट इथे येते. लाल-हिरवा भेद नीट न करणारे डोळे पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात, कारण त्यामागचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के धरतात. भारतात ते त्याहून कमी असलं तरी भरलेल्या लॅबमध्ये असा एखादा विद्यार्थी नसेलच असं कोणी गृहीत धरू नये. त्यातला एक प्रकार असा की लांब तरंगलांबीचा प्रकाश टिपणाऱ्या पेशीच काम करत नाहीत. त्या माणसाला लाल नुसता वेगळा दिसत नाही, तो काळपट दिसतो. काळ्या पडद्यावर करड्या अक्षरांत लाल शब्द आला तर इतरांना तो पुढे आलेला वाटतो, याला मात्र मागे गेलेला. जे उठून दिसावं म्हणून रंगवलं तेच त्याला सगळ्यांत कमी दिसतं. अशा विद्यार्थ्याला 'लाल दिसते ती जुळणी' असं सांगण्यात शिक्षकाचा दोष नसतो, पण त्याचं नुकसान होतंच, आणि बहुधा तो ते बोलूनही दाखवत नाही. म्हणून जुळणीची खूण एकट्या रंगावर टिकलेली नसावी. तिच्या सोबतीला जाडपणा, अधोरेखा किंवा पार्श्वभूमीचा पट्टा, काहीतरी दुसरं हवं. वेबच्या निकषांतही माहिती फक्त रंगातून देऊ नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि टर्मिनलला तो नियम लागू न करण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

इथवरचा वाद कुठल्याही भाषेत झाला असता. मराठीत तो आणखी खोल जातो, आणि अकोलेकरांचा खरा मुद्दा तोच आहे.

"सर, आपण 'पूर' शोधला. त्यात पूर्णा नदीही सापडते, हे पाहिलं का? युनिकोडमध्ये 'पूर्णा' हा शब्द प, दीर्घ उकार, र, पायमोड, ण, काना अशा सहा चिन्हांनी लिहिलेला असतो. त्यातली पहिली तीन म्हणजे 'पूर'. ग्रेपच्या लेखी जुळणी झाली. तो र संपला की ग्रेप 'रंग बंद' अशी खूण पाठवतं आणि मग उरलेला पायमोड, ण आणि काना पाठवतं. पण पडद्यावर तो र जागेवर राहिलेलाच नसतो. त्याचा रफार झाला आणि तो पुढच्या णा च्या डोक्यावर जाऊन बसला. आता रंग कुठे संपला म्हणायचा? एखाद्या टर्मिनलमध्ये रफार णा चा रंग घेतो, एखाद्यात शब्द फुटून पायमोड सुटा दिसतो. पातळ लाल अक्षरांत, बारीक फॉन्टमध्ये, हे कळतसुद्धा नाही. 'पूर' आणि 'पूर्णा' दोन्ही सारखेच लाल वाटतात. मी पार्श्वभूमीचा पट्टा लावला तेव्हा पट्टा कुठे तुटतो ते दिसायला लागलं. गावाच्या नावाखाली तो शेवटपर्यंत जातो, पूर्णेखाली मधेच थांबतो. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका, मात्रा, उकार या बारीक रेषा अक्षराच्या वर-खाली असतात. अक्षराचा रंग बदलला तर त्या रेषांना रंग दिसण्याइतकी जाडीच नसते. पट्ट्याचं तसं नाही, तो पूर्ण चौकट भरतो. इंग्रजी मजकुरावर बेतलेला लाल आपल्या लिपीला अपुरा पडतो, एवढंच माझं म्हणणं."

रंग बदलण्याच्या बाजूने मला हा सगळ्यांत भक्कम पुरावा वाटतो, कारण तो आवडीनिवडीचा राहत नाही. जुळणी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ही सीमा म्हणजेच यंत्राचं उत्तर आहे. ओळ मिळाली एवढ्याने काही कळत नाही. ती कशामुळे मिळाली हे सीमेवरून कळतं. सीमा दिसली की पुढचं पाऊलही सुचतं. रिपग्रेपमध्ये पूर्ण शब्दाचीच जुळणी मागितली तर पूर्णा गळून पडते, कारण पायमोडालाही ते शब्दाचाच भाग धरतं. पण ती मागणी करायची बुद्धी तेव्हाच होते, जेव्हा पट्टा पूर्णेच्या पोटात तुटलेला दिसतो.

अमरावतीकर इथे हार मानत नाहीत, आणि मानूही नये. "भाऊ, तुम्ही सापडलेल्याची गोष्ट सांगता. न सापडलेल्याचं काय? 'पूर' शोधला तर 'पुराचं पाणी' येत नाही, कारण तिथे उकार ऱ्हस्व झाला. म्हणजे पुराच्या कितीतरी ओळी तुमच्या त्या सुंदर पट्ट्याच्या बाहेरच. मूर्तिजापूर कोणी दीर्घ मू ने लिहितो, कोणी ऱ्हस्व. वऱ्हाड हा शब्द तर पाहा. कोणी वेगळा ऱ वापरून टाइप करतं, कोणी र, पायमोड आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून, कोणाच्या फाइलीत र खाली नुक्ता येऊन बसतो. पडद्यावर तिन्ही एकसारखे, आणि ग्रेपला तिन्ही वेगळे. ग्रेप ते आपणहून एक करत नाही, रिपग्रेपही करत नाही. जे सापडत नाही त्याला कोणता रंग देणार? उलट ठसठशीत पट्टे दिसले की पोरांना वाटतं, सगळं मिळालं. रंग जितका देखणा तितका भरवसा खोटा. मी म्हणतो, पोरांना शोधाचा नमुना नीट लिहायला शिकवा. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही उकार चौकटी कंसात घालायला शिकवा. रंगाच्या मागे लागून हे राहून जातं."

हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. रंग चुकलेली ओळ दाखवू शकत नाही. पण अमरावतीकर सुचवतात तो उपाय करून पाहिला की काय होतं? दोन्ही उकार घेऊन शोधलं की 'पुराचं पाणी' येतं, आणि त्याच्या मागोमाग पुरवठा, पुरस्कार, पुरावा, पुरुष, पुरेसा असे शब्द लोंढ्याने येतात. नमुना जितका सैल तितकी गर्दी जास्त, आणि गर्दी जितकी जास्त तितकं डोळ्याने निवडण्याचं काम वाढतं. अकोला शोधायचं म्हणून 'अकोल' एवढंच दिलं तर 'अकोल्यात' सापडतं, पण ते वऱ्हाडातलं अकोला की अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, हे त्या शब्दरूपावरून कोणालाच सांगता येत नाही. दोन्हींचं 'अकोल्यात' एकच. मराठी विभक्ती घेते, सामान्यरूप बदलते, ऱ्हस्व-दीर्घ फिरवते. म्हणून मराठीतला चांगला शोध नेहमी थोडा सैलच राहणार आणि शेवटची निवड माणसालाच करावी लागणार. नीट नमुना लिहिणं आणि नीट दिसणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. पहिली जितकी प्रामाणिकपणे करावी तितकी दुसरीची गरज वाढते. खोट्या भरवशाबद्दल मात्र अमरावतीकरांचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करतो: रंग मिळालेल्याचा पुरावा आहे, पूर्णतेचा नाही, आणि हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

अमरावतीकरांकडे आणखी एक हत्यार आहे, इतिहासाचं. "प्रत्येकाला आपापलं सेटिंग करू दिलं की काय होतं, हे ग्रेपनेच भोगलं आहे," ते म्हणतात. "ग्रेप-ऑप्शन्स नावाचा एक व्हेरिएबल होता. त्यात आपल्या आवडीचे पर्याय घालून ठेवले की प्रत्येक वेळी ते आपोआप लागू व्हायचे. सोयीचं वाटलं, पण दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर वेगळं उत्तर द्यायला लागली. २०१४ सालच्या २.२१ आवृत्तीत तो टाकाऊ ठरवला, वापरला की इशारा यायचा. २०२० सालच्या ३.६ मध्ये तो बंदच केला. रंगाचंही तेच. कोणी उत्साहाच्या भरात रंग 'नेहमी' वर ठेवतं आणि निकाल फाइलीत साठवतं. मग रंगाच्या त्या खुणा फाइलीत शब्दांच्या मधोमध जाऊन बसतात. पुढच्या खेपेला 'दर्यापूर' शोधा, सापडणार नाही; कारण 'दर्या' आणि 'पूर' यांच्या मधे रंगाची खूण घुसली आहे, आणि ती बहुतेक एडिटरमध्ये कचऱ्यासारखी दिसते. हे झाल्यावर म्हणायचं का, की रंगाने कोणाचं बिघडत नाही?"

यावर अकोलेकरांचं उत्तर मला निर्णायक वाटतं. "सर, त्याच इतिहासाचं पुढचं पान वाचा ना. ग्रेप-ऑप्शन्स काढला, पण ग्रेप-कलर्स ठेवला. एकाच रंगापुरता असलेला जुना ग्रेप-कलर २०२२ सालच्या ३.८ मध्ये टाकाऊ ठरवला, पण तसं करताना त्याच्याहून जास्त मुभा देणाऱ्या ग्रेप-कलर्सकडे बोट दाखवलं. म्हणजे त्यांनी रेघ कुठे ओढली? जे सेटिंग निकाल बदलतं ते नको, जे फक्त दिसणं बदलतं ते असू द्या. आणि 'नेहमी' बद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. म्हणून तर 'ऑटो' आहे. समोर टर्मिनल असेल तरच रंग, फाइलीत किंवा पाइपमधून पुढे जात असेल तर नाही. पान-पान पाहायला पाइपमधून द्यायचंच असेल तर तेवढ्यापुरता रंग चालू करा. मी 'नेहमी' ची बाजू कधीच घेणार नाही."

हीच माझी दुसरी अट. रंग वाचणाऱ्याच्या पडद्यावर राहावा, मजकुरात उतरू नये. त्या अटीवर मुभा द्यायला हरकत घ्यावी असं काही उरत नाही, कारण माझा पिवळा पट्टा तुमच्या फाइलीपर्यंत पोचतच नाही. काहींना पडद्यावरही रंग नको असतो. २०१७ पासून नो-कलर नावाचा एक साधा संकेत चालत आला आहे: तो व्हेरिएबल ठेवला की प्रोग्रामने रंग वापरू नये. रिपग्रेप तो पाळतं. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला रंगाचा काहीच उपयोग नसतो. त्याच्यासाठी फक्त जुळलेला भाग छापणारा पर्याय आणि ओळीचा नंबर हीच खूण. रंग निवडायचा अधिकार मानला की रंग नाकारायचाही मानावा लागतो, आणि मला त्यात सुसंगतीच दिसते.

खुणेचा रंग कोणी ठरवायचा हा प्रश्न या प्रदेशाला अगदीच नवा नाही, म्हणून थोडं मागे जातो. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं तीर्थ. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्राचं काम तिथे केलं. त्या ग्रंथाचे पाठ अनेक, कारण नकला अनेक हातांनी झाल्या. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते अशा संपादकांनी ते पाठ ताडून पाहिले. कोलत्यांची आवृत्ती १९७८ साली निघाली. आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्यांत काळ्या शाईच्या मजकुरात दंड आणि अध्यायाची समाप्ती दाखवायला लाल हिंगूळ किंवा गेरू वापरत आणि चुकलेलं अक्षर झाकायला पिवळी हरताळ. रंगाला अर्थ होता, आणि तो नीट पाळला जाई. पण तो लिहिणाऱ्याने ठरवलेला आणि कागदात कायमचा मुरलेला. वाचणाऱ्याचे डोळे कमजोर असोत की दिवा मिणमिणता, मिळेल तो लाल पाहायचा. टर्मिनलमध्ये मात्र मजकूर तोच राहतो आणि खूण वाचणाऱ्याच्या हाती येते. आज त्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. जुने ग्रंथ संगणकावर तपासायचे झाले तर रिद्धपूर, ऋद्धिपूर, ऱ्हस्व पु, दीर्घ पू अशी सगळी रूपं एका नमुन्यात धरावी लागतील, आणि त्यातलं कोणत्या ओळीत कोणतं आलं हे अभ्यासकाला पट्ट्यात स्पष्ट दिसावं लागेल. अशा कामाला बसणाऱ्याने तासन् तास गडद लाल का सोसावा, याचं समर्थन मला करता येत नाही.

एक उणीव मात्र दोघांनीही मान्य करावी. ग्रेप काय किंवा रिपग्रेप काय, जुळणीला एकच रंग देतात. एका नमुन्यात चार रूपं घातली तरी चारही त्याच रंगात येतात, आणि दोन जुळण्या एकमेकींना लागून आल्या तर एकच लांब जुळणी वाटते. तिथे रंग बदलूनही भागत नाही.

राहिला अमरावतीकरांचा पहिला प्रश्न, लॅबचा. तो मी बाजूला सारणार नाही, कारण शिकवण्याची गरज खरी आहे. लॅबपुरतं एक समान सेटिंग असायला माझी अजिबात हरकत नाही. ते आंधळेपणाने लाल नसावं एवढंच. अमरावतीकर शेवटी तडजोड सुचवतात ती अशी: "ग्रेपला मी ७ देतो. उलटा प्रकाश. अक्षराचा रंग मागे, मागचा पुढे. टर्मिनल काळं असो की पांढरं, त्याच्याच दोन रंगांची अदलाबदल होते, म्हणून कोणाचंच पॅलेट आड येत नाही, आणि रंग न ओळखणाऱ्यालाही पट्टा दिसतो. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलला रंग नव्हता, पण उलटा प्रकाश होता. मग मी 'लाल ती जुळणी' म्हणायचं सोडून 'पट्टा ती जुळणी' म्हणेन. त्यावर ज्याला आपल्या खात्यात बदलायचं त्याने बदलावं."

अकोलेकरांना हे मान्य आहे, एक दुरुस्ती सोडून. रिपग्रेपमध्ये उलट्या प्रकाशाचा पर्याय नाही. तिथे मागचा रंग आणि अक्षराचा रंग वेगवेगळे सांगावे लागतात. त्यामुळे तिथे पिवळ्यावर काळं ठेवावं आणि ते कॉन्फिग फाइलीत लिहून टाकावं, म्हणजे दर वेळी टाइप करायला नको. "आणि सर, पहिल्याच तासाला पोरांना पूर्णा, पुराचं पाणी, अचलपूर आणि पुरवठा असलेल्या चार ओळींची फाइल द्या. 'पूर' शोधायला सांगा आणि पट्टा कुठे सुरू झाला, कुठे तुटला, कोणत्या ओळी आल्याच नाहीत, ते वहीत लिहायला लावा. रंग कोणता ते ज्याचं त्याला ठरवू द्या."

"लिहायला लावतो," अमरावतीकर म्हणतात, "पण त्या फाइलीत वऱ्हाडही तिन्ही तऱ्हांनी टाइप करून घाला."